आधी वाचन, मग लेखन : माध्यमिक शाळेतील संगणकशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाची आखणी

1. प्रश्नाचे स्वरूप

माध्यमिक शाळेत संगणकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम आखू लागले की नियोजकांपुढील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागते : मुलांना कोणती प्रोग्रॅमिंग भाषा शिकवावी? बेसिक की पास्कल, सी प्लस प्लस की जावा, आणि अलीकडे पायथन. हा प्रश्न निरर्थक नाही. परंतु तो पहिला मानला गेल्यामुळे त्याच्या आधीचे दोन प्रश्न झाकले जातात. विद्यार्थ्याने आज्ञावली लिहिण्यापूर्वी ती किती वाचलेली असावी, हा एक. आणि यंत्राची भाषा शिकण्यासाठी तो वर्गात येतो तेव्हा त्याच्याजवळ आधीच असलेल्या भाषेचे काय करावे, हा दुसरा.

साहित्याच्या अभ्यासकांना या दोन्ही प्रश्नांची ओळख करून देण्याची गरज नाही. कोणत्या संहिता निवडाव्यात, त्या कोणत्या क्रमाने वाचाव्यात, आणि एका भाषेतील अर्थरचना दुसरीत नेताना काय गळते व काय नव्याने चिकटते, हे तौलनिक साहित्याभ्यासाचे रोजचे प्रश्न आहेत. शालेय संगणकशास्त्राचा प्रारंभिक अभ्यासक्रम हा मुख्यतः वाचनाचा अभ्यासक्रम म्हणून आखला जावा, आणि त्यात विद्यार्थ्याच्या स्वभाषेला विवेचनाची भाषा म्हणून स्थान मिळावे, अशी प्रस्तुत लेखाची मांडणी आहे. या मांडणीमागील इतिहास, संशोधन आणि तीवरून निघणारा एका वर्षाचा आराखडा पुढे क्रमाने दिला आहे.

2. भाषा बदलत राहिल्या : तीन देशांतील अनुभव

शालेय संगणकशिक्षणाच्या विचारात दोन टोके आरंभापासून दिसतात. एका टोकाला सेमूर पॅपर्ट. वॉली फोयरझाइग व सिंथिया सॉलोमन यांच्यासह त्यांनी 1967 मध्ये 'लोगो' ही भाषा घडवली आणि 1980 च्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मूल काहीतरी घडवता घडवता विचार करायला शिकते. दुसऱ्या टोकाला एट्सखर डाइक्स्ट्रा. 1988 च्या एका गाजलेल्या टिपणात त्यांनी महाविद्यालयीन प्रथम वर्षासाठी उलट भूमिका घेतली : आज्ञावली ही औपचारिक गणिती रचना म्हणून शिकवावी आणि प्रारंभी विद्यार्थ्यांना ती यंत्रावर चालवूच देऊ नये. एकाला अनुभव आधी हवा, दुसऱ्याला सिद्धता. प्रत्यक्ष शाळांतील अभ्यासक्रम या दोहोंपासून दूर, परीक्षामंडळांच्या सोयीने घडत गेले.

अमेरिकेतील 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षेचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. उच्च माध्यमिक शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचा विषय घेण्याची सोय देणाऱ्या या योजनेत संगणकशास्त्राची पहिली परीक्षा 1984 मध्ये झाली, तेव्हा तिची भाषा पास्कल होती. 1999 मध्ये तिची जागा सी प्लस प्लसने घेतली, आणि 2003-04 या शैक्षणिक वर्षापासून जावा आली. दर बदलाबरोबर पाठ्यपुस्तके, शिक्षकांची प्रशिक्षणे आणि प्रश्नपत्रिका नव्याने कराव्या लागल्या. 2016-17 पासून याच योजनेत 'कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स' हा दुसरा, अधिक प्राथमिक अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात कोणतीही एक भाषा सक्तीची नाही. शिक्षकाने आपल्या आवडीची भाषा निवडावी. परीक्षेत मात्र मंडळाने स्वतः तयार केलेली एक तटस्थ संकेतपद्धती वापरली जाते. म्हणजे तीन दशकांच्या भाषाबदलांनंतर, निदान प्रारंभिक पातळीवर, भाषा हा अभ्यासक्रमाचा कणा नव्हे, हे मान्य झाले.

याच परीक्षेच्या इतिहासात आणखी एक गोष्ट आहे. जावाच्या अभ्यासक्रमात बरीच वर्षे एक दीर्घ, दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली 'केस स्टडी' म्हणून नेमली जात असे. 2008 ते 2014 या काळात 'ग्रिडवर्ल्ड' ही अशी संहिता होती. विद्यार्थ्याने ती वाचावी, तिच्या रचनेचा विचार करावा, तिच्यात भर घालावी, अशी अपेक्षा होती. साहित्याच्या वर्गातील नेमलेल्या पुस्तकाशी असलेले हे साम्य उघड आहे. पुढे तिच्या जागी लहान प्रयोगपाठ आले. परंतु दुसऱ्याची संहिता वाचणे हा शिक्षणाचा भाग असतो, हे तत्त्व त्या नेमणुकीने दाखवून दिले होते.

इंग्लंडमध्ये अडचण निराळी होती. तेथे शाळांतील माहिती-तंत्रज्ञानाचा विषय तयार सॉफ्टवेअर वापरण्याच्या सरावापुरता आक्रसला आहे, अशी टीका होत असे. रॉयल सोसायटीने जानेवारी 2012 मध्ये 'शट डाउन ऑर रीस्टार्ट?' या अहवालात या स्थितीची चिकित्सा केली आणि सप्टेंबर 2014 पासून 'कम्प्युटिंग' हा नवा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला. पत्र टंकलिखित करणे, सादरीकरणाची पाने रंगवणे हे उपयुक्त कौशल्य आहे. पण त्याला संगणकशास्त्र म्हणणे म्हणजे हस्ताक्षराच्या वहीला काव्यशास्त्र म्हणण्यासारखे होय.

भारतात 1984-85 मध्ये 'क्लास' या नावाने ओळखला गेलेला प्रायोगिक प्रकल्प सुमारे 250 शाळांमध्ये सुरू झाला. त्यासाठी ब्रिटनमधील बी.बी.सी. मायक्रो ही यंत्रे वापरली गेली. पुढे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात सी प्लस प्लस दीर्घकाळ राहिली आणि 2010 च्या दशकाच्या अखेरीस तिची जागा पायथनने घेतली. एन.सी.ई.आर.टी.ने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात पायथनची ओळख पाचव्या प्रकरणात होते. त्याआधीचे चौथे प्रकरण समस्या सोडवण्याच्या पद्धतीविषयी आहे. हा क्रम स्वागतार्ह आहे. केरळने 2001 मध्ये सुरू केलेल्या 'आय.टी. ॲट स्कूल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर आणि मल्याळम् माध्यम यांची सांगड घालून, राज्यभाषेतून हा विषय शिकवता येतो हे दाखवून दिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, व शक्यतो आठवीपर्यंत, मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे, आणि त्याच धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगचाही पुरस्कार आहे. ही दोन कलमे वर्गात एकत्र कशी नांदतील, याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या आखणीतच द्यावे लागेल.

3. वाचता न येणाऱ्याला लिहायला सांगणे

प्रारंभिक अभ्यासक्रम कोठे फसतो, याविषयी गेल्या चार दशकांत बरेच संशोधन झाले आहे. 2001 मध्ये मायकेल मॅकक्रॅकन यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने चार विद्यापीठांतील, प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण करत आलेल्या विद्यार्थ्यांना सारखेच प्रश्न दिले. 110 पैकी सरासरी गुण 23 च्याही आत राहिले. विद्यार्थ्यांना समस्या सोडवता येत नाहीत, असा याचा अर्थ प्रथम लावला गेला. 2004 मध्ये रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतील विद्यार्थ्यांपुढे निराळी परीक्षा ठेवली. येथे काही लिहायचे नव्हते. आज्ञावलीचा लहानसा तुकडा वाचून ती चालली तर काय होईल, किंवा रिकाम्या जागी कोणती ओळ बसेल, हे बारा बहुपर्यायी प्रश्नांतून ओळखायचे होते. अनेकांना तेही नीट जमले नाही. अडचण रचनेच्याही आधीची, वाचनाची होती.

पुढील काही वर्षांत या संशोधकांनी आणखी एक प्रश्नप्रकार वापरला : दिलेला तुकडा काय करतो ते साध्या भाषेत एका वाक्यात सांगा. अनेक विद्यार्थी प्रत्येक ओळीचा अनुवाद देत. 'ही रीत यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधते' असे समग्र विधान थोड्यांनाच करता येई. शब्दार्थ सांगणारा आणि भावार्थ सांगणारा वाचक यांतील हा भेद कवितेच्या अध्यापकाला नवा नाही. लिस्टर यांच्या गटाने याचे वर्णन झाडे दिसतात पण रान दिसत नाही, असे केले.

नवशिक्याच्या वाचनात नेमके काय चुकते? बेनेडिक्ट ड्यू बूले यांनी 1980 च्या दशकात मांडलेली 'कल्पित यंत्रा'ची संकल्पना येथे उपयोगी पडते. आज्ञावली वाचणाऱ्याच्या मनात ती राबवणाऱ्या यंत्राचे चित्र असावे लागते. ते चित्र चुकीचे असेल तर प्रत्येक ओळ कळूनही अर्थ चुकतो. रॉय पी यांनी 1986 मध्ये दाखवले की, भाषा कोणतीही असो, नवशिके यंत्राच्या आत एक समजूतदार मन असल्याचे गृहीत धरतात. यंत्र आपला हेतू ओळखेल, 'मोठी' हे नाव दिलेल्या जागेत आपोआप मोठी संख्या येईल, अशी त्यांची श्रद्धा असते. वाचकाने लेखकाच्या हेतूशी सहकार्य करावे हा मानवी संवादाचा पायाच असल्याने ही चूक स्वाभाविक आहे. यंत्र हा मात्र पूर्णपणे असहकारी वाचक आहे. लिहिले तेवढेच तो वाचतो.

एक साधे उदाहरण पाहावे. फळ्यावर तीन ओळी आहेत : 'क = 3', 'ख = क', 'क = 5'. आता 'ख'ची किंमत किती? पुष्कळ विद्यार्थी 5 म्हणतात. कारण गणिताच्या तासाला शिकलेले बरोबरीचे चिन्ह दोन बाजूंचे कायमचे नाते सांगते. येथे ते नाते सांगत नाही, कृती सांगते : उजवीकडची किंमत या क्षणी काढा आणि डावीकडच्या जागेत ठेवा. 'ख'मध्ये 3 ठेवले गेले. नंतर 'क' बदलला म्हणून 'ख' बदलत नाही. त्याच कारणाने 'क = क + 1' ही ओळ गणितात अशक्य आणि येथे रोजची आहे. शिक्षकाने ही ओळ मोठ्याने वाचताना 'क बरोबर क अधिक एक' असे न वाचता 'क मध्ये क अधिक एक ठेवा' असे वाचले, तर अर्धा गोंधळ उच्चारातच मिटतो. दोन जागांतील किमतींची अदलाबदल करताना तिसरी जागा का लागते, हेही मग वेगळे शिकवावे लागत नाही. दोन भांड्यांतील दूध आणि ताक बदलायचे तर तिसरे भांडे लागते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते.

4. 'जोपर्यंत', 'तर' आणि 'किंवा' : स्वभाषेचे काम

स्वभाषा या विषयात अडसर ठरते की आधार? जेफ्री बोनार आणि एलियट सोलोवे यांनी 1985 मध्ये दाखवून दिले की, नवशिक्यांच्या अनेक चुकांचे मूळ त्यांच्या नैसर्गिक भाषेत असते. 'व्हाइल' या इंग्रजी शब्दाचा रोजचा अर्थ अखंड पाळत ठेवण्याचा आहे. त्यामुळे आवर्तनाच्या मध्येच अट खोटी ठरली तर यंत्र तत्क्षणी थांबेल, असे विद्यार्थी समजतात. वस्तुतः अट प्रत्येक फेरीच्या आरंभी एकदाच तपासली जाते. मधल्या काळात यंत्र तिच्याकडे पाहत नाही. इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा आहे त्यांनाही प्रोग्रॅमिंगची इंग्रजी परकीच असते, हा या संशोधनाचा तौलनिक अभ्यासकाला महत्त्वाचा वाटेल असा निष्कर्ष आहे. तेव्हा इंग्रजी माध्यमात घातले की प्रश्न सुटला, हे खरे नाही.

मराठीतील 'जोपर्यंत... तोपर्यंत' या जोडीतही तोच अखंडतेचा अर्थ आहे. 'जोपर्यंत दिवा हिरवा आहे तोपर्यंत चालत राहा' या वाक्याने कोणीही मध्येच लाल दिवा लागल्यावर फेरी पूर्ण करत बसणार नाही. म्हणून येथे मराठीही सावधपणे वापरावी लागते. परंतु 'पर्यंत'ची दुसरी रचना पाहिली तर मराठी विद्यार्थ्याजवळ असलेले एक साधन लक्षात येते. 'तो येईपर्यंत थांब' आणि 'तो येत नाही तोपर्यंत थांब' ही दोन्ही वाक्ये मराठीत स्वाभाविक आहेत. पहिले थांबण्याची अट होकारार्थी सांगते. दुसरे चालू राहण्याची अट नकारार्थी सांगते. प्रोग्रॅमिंगमध्ये आवर्तनाचे नेमके हेच दोन प्रकार आहेत : एकात आवर्तन केव्हा संपवायचे ते सांगतात, दुसऱ्यात ते केव्हापर्यंत चालवायचे ते सांगतात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना अटीचा नकार करावा लागतो. हा नकार विसरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. मराठी बोलणारे मूल हे रूपांतर बोलताना बिनचूक करत असते. हिंदीतही 'उसके आने तक' आणि 'जब तक वह न आए' अशा दोन्ही रचना आहेत. तमिळमध्ये 'अवन् वरुम् वरै' ही नकाराशिवायची रचना रूढ आहे. वर्गात दोन-तीन भाषा बोलणारी मुले असतील तर ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी मांडणे, हा आवर्तनाचा उत्तम पहिला पाठ ठरेल.

'जर... तर' याविषयी मराठीची स्थिती इंग्रजीहून सोयीची आहे. इंग्रजी 'देन' या एकाच शब्दात 'तर' आणि 'मग' असे दोन अर्थ आहेत. पास्कल किंवा बेसिकमध्ये तो शब्द वाचताना 'असे असेल तर' आणि 'यानंतर' यांची गल्लत होऊ शकते. मराठीत अटीचा 'तर' आणि क्रमाचा 'मग' किंवा 'नंतर' हे मुळातच निराळे शब्द आहेत. शिक्षकाने वाचनात हा भेद कटाक्षाने पाळला तर भाषेनेच केलेली विभागणी वर्गाला उपयोगी पडेल.

'किंवा'चीही गोष्ट अशीच. 'चहा घेणार की कॉफी?' यात एकच निवड अपेक्षित आहे. 'ओळखपत्र किंवा शिधापत्रिका आणावी' यात दोन्ही आणली तरी कोणी परत पाठवत नाही. तर्कशास्त्रातील व प्रोग्रॅमिंगमधील विकल्प हा दुसऱ्या प्रकारचा, दोहोंना सामावून घेणारा आहे. हिंदीच्या प्रमाण लेखनात 'या' हा एकच शब्द दोन्ही ठिकाणी चालतो. मराठीत 'की' आणि 'किंवा' यांतील फरक दाखवून ही संकल्पना दोन मिनिटांत स्पष्ट करता येते.

या उदाहरणांचा अर्थ संकेतलेखन मराठीत व्हावे, असा नाही. पायथनमधील राखीव शब्द तीस-पस्तीसच आहेत आणि ते इंग्रजी राहिले तरी बिघडत नाही. गणितातली चिन्हेही ग्रीक-रोमन आहेत. पायथनच्या 2008 पासूनच्या तिसऱ्या आवृत्तीत चलांना 'गुण', 'बेरीज' अशी देवनागरी नावे देता येतात, ही सोय आरंभी जरूर वापरावी. मुद्दा विवेचनाच्या भाषेचा आहे. विद्यार्थी आज्ञावलीविषयी ज्या भाषेत अंदाज करतो, वाद घालतो, चूक सांगतो, ती भाषा त्याची असली पाहिजे. अन्यथा त्याला कल्पना समजली नाही की तिचे इंग्रजी समजले नाही, हे शिक्षकाला कधीच कळत नाही, आणि दुसऱ्या कारणाने गप्प बसलेले मूल पहिल्या कारणाने मागे पडले असे नोंदले जाते.

5. हा विषय कोणाचा?

प्रारंभिक अभ्यासक्रम ज्ञान देतो, तसाच तो चाळणीचेही काम करतो. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागाचा अभ्यास करून 2002 मध्ये 'अनलॉकिंग द क्लबहाउस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील प्रवेशांमधील मुलींचे प्रमाण 1995 मध्ये 7 टक्के होते, ते 2000 मध्ये 42 टक्के झाले. प्रवेशाचे निकष बदलले, आधीच्या अनुभवानुसार पहिल्या वर्गाचे वेगवेगळे मार्ग केले, अध्यापनात विषयाचा मानवी उपयोग पुढे आणला. विषयाची काठिण्यपातळी उतरवली नाही. 2008 च्या 'स्टक इन द शॅलो एंड' या पुस्तकात मार्गोलिस यांनी लॉस एंजलिसमधील तीन माध्यमिक शाळा पाहिल्या. यंत्रे सर्वत्र होती. परंतु कृष्णवर्णीय व लॅटिनो मुलांच्या वाट्याला बहुधा टंकलेखनासारखे वर्ग येत आणि खऱ्या संगणकशास्त्राचा वर्ग थोड्यांसाठी राखला जाई. या अभ्यासातून 'एक्सप्लोरिंग कॉम्प्युटर सायन्स' हा एका वर्षाचा अभ्यासक्रम निघाला. मानव-संगणक संबंध, समस्या सोडवणे, वेबरचना, प्रोग्रॅमिंगची ओळख, विदाविश्लेषण आणि रोबोटिक्स असे त्याचे सहा घटक. प्रोग्रॅमिंग त्यात चौथे येते, हे लक्षणीय आहे.

भारतीय शाळेत ही चाळणी भाषेच्या आणि घरी यंत्र असण्या-नसण्याच्या छिद्रांतून चालते. ज्याच्या घरी संगणक आहे त्याने पहिल्या आठवड्यात लिहून दाखवले की त्याला 'हुशार' म्हटले जाते. ज्याने कळफलक प्रथमच पाहिला तो अक्षर शोधतानाच मागे पडतो. वाचनापासून आरंभ केल्यास हे अंतर बरेच कमी होते. कागदावरची आज्ञावली वाचून पुढे काय होईल ते सांगायचे असेल, तर घरच्या यंत्राचा फायदा फारसा उरत नाही.

6. एका वर्षाचा आराखडा

नववीच्या वर्गासाठी, आठवड्याला तीन तासिका आणि तीस आठवडे, म्हणजे 90 तासिका गृहीत धरून पुढील विभागणी करता येईल. तिची चौकट ब्रिटनमधील सू सेंटन्स यांनी 2017 च्या सुमारास मांडलेल्या क्रमाशी मिळतीजुळती आहे : अंदाज करा, चालवून पाहा, तपासा, बदला, आणि मग स्वतः घडवा.

पहिल्या 12 तासिका यंत्राविना असाव्यात. न्यूझीलंडमधील टिम बेल यांनी इयान विटन व माइक फेलोज यांच्यासह 1990 च्या दशकात विकसित केलेले 'सी.एस. अनप्लग्ड' हे खेळ यासाठी उपलब्ध आहेत : पत्ते क्रमाने लावणे, वजने तोलून वर्गीकरण करणे, दोनच चिन्हांनी संख्या लिहिणे. मराठीच्या तासाला मुले अक्षरगणवृत्ते शिकतात. तेथील सामग्रीही येथे चपखल बसते. लघु-गुरूंच्या तीन जागा भरण्याचे आठ प्रकार होतात, म्हणून गण आठ. हे आठ प्रकार एकही न सुटता, एकही न दुणता कसे मांडावेत? छंदःशास्त्रात यालाच 'प्रस्तार' म्हणतात, आणि केदारभट्टाच्या 'वृत्तरत्नाकरा'त त्याची रीत दिलेली आहे. आरंभी सर्व गुरू लिहावेत. पुढच्या ओळीत पहिल्या गुरूखाली लघू ठेवावा, त्याच्या उजवीकडे वरच्यासारखेच उतरवावे, डावीकडच्या जागा गुरूंनी भराव्यात. आणि सर्व लघू होईपर्यंत हेच करत राहावे. यात आरंभस्थिती आहे, पुनरावृत्त होणारी कृती आहे आणि थांबण्याची अट आहे. प्राचीनांजवळ संगणक होता असे यावरून म्हणण्याचा मोह टाळावा. निःसंदिग्ध रीत हा यंत्राच्या कितीतरी आधीचा मानवी विचार आहे, एवढे सांगणे पुरेसे आणि खरे आहे.

त्यानंतरच्या 18 तासिका वाचनाच्या. पाच ते दहा ओळींच्या आज्ञावल्या कागदावर द्याव्यात आणि प्रत्येक ओळीनंतर प्रत्येक चलाची किंमत कोष्टकात भरायला सांगावी. अंदाज लेखी झाल्यावरच यंत्र चालवावे. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फरक पडला, तर तो का पडला हे विद्यार्थ्याने स्वभाषेत दोन वाक्यांत लिहावे. प्रत्येक तुकड्याचा 'भावार्थ' एका वाक्यात सांगणे हा नित्याचा स्वाध्याय असावा.

पुढील 18 तासिका बदलाच्या : सर्वांत मोठी संख्या शोधणारी आज्ञावली सर्वांत लहान शोधील अशी करा, चूक पेरलेली आज्ञावली दुरुस्त करा. त्यापुढील 18 तासिका स्वतंत्र लेखनाच्या. या टप्प्यावर विद्यार्थ्याने पन्नासेक लहान संहिता वाचलेल्या असतील आणि कोऱ्या कागदाची भीती पुष्कळ ओसरलेली असेल.

नंतरच्या 12 तासिका विदेच्या, आणि येथे विद्यार्थ्याची लिपीच विषय होऊ शकते. 'मराठी' या शब्दात किती अक्षरे आहेत असे विचारले तर मूल तीन म्हणेल, छंदःशास्त्रही तीनच म्हणेल. पायथनला विचारले तर उत्तर पाच येते. कारण यूनिकोडमध्ये 'रा'मधील काना आणि 'ठी'मधील वेलांटी यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. कोण चुकले? कोणीच नाही, 'अक्षर' या संकल्पनेची दोन निरूपणे आहेत आणि यंत्रात कोणते निरूपण असावे हे कोणीतरी कधीतरी ठरवलेले आहे. निरूपणामागे निर्णय असतो, हा संगणकशास्त्रातील मूलभूत धडा यातून मिळतो. एखाद्या उताऱ्यातील शब्दांची वारंवारता मोजण्याचा प्रयोगही येथेच करावा. आंद्रेइ मार्कोव यांनी 1913 मध्ये पुश्किनच्या 'येवगेनी अनेगिन'मधील 20,000 अक्षरांतील स्वर-व्यंजनांची मोजणी हातानेच केली होती, आणि त्यातून संभाव्यताशास्त्रातील एका महत्त्वाच्या सिद्धान्ताचे उदाहरण उभे राहिले.

अखेरच्या 12 तासिका सामाजिक परिणामांच्या चर्चेला आणि लहान प्रकल्पाला द्याव्यात. प्रकल्पाबरोबर त्याचे लेखी विवेचन अनिवार्य असावे, आणि ते कोणत्याही भारतीय भाषेत स्वीकारले जावे.

7. दोन आक्षेप आणि मूल्यमापन

वाचनावर एवढा भर दिला तर मुले कंटाळतील, हा पहिला आक्षेप. पॅपर्ट यांचा घडवण्यातील आनंदाचा मुद्दा येथे खराच आहे. म्हणून वरील आराखड्यात वाचन निष्क्रिय ठेवलेले नाही; अंदाज करून यंत्राशी पैज लावण्यासारखे त्याचे रूप आहे, आणि बदलाचा टप्पा वर्षाचा पहिला तृतीयांश संपताच सुरू होतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा : परीक्षेत लिहायला लावतात, मग वाचून काय उपयोग? हा आक्षेप परीक्षापद्धतीवरचा आहे आणि तेथेच त्याचे निराकरण व्हायला हवे. गुणांपैकी निम्मे तरी वाचन, स्पष्टीकरण आणि दुरुस्ती यांना दिले, तर पाठ केलेली आज्ञावली उत्तरपत्रिकेत उतरवण्याची पद्धत आपोआप मागे पडेल.

या दुसऱ्या मुद्द्याला अलीकडे नवे वजन आले आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी प्रसृत झाल्यापासून शालेय पातळीवरील आज्ञावली क्षणार्धात लिहून देणारी साधने कोणालाही उपलब्ध आहेत. घरी करून आणलेली आज्ञावली हे आता विद्यार्थ्याच्या समजेचे प्रमाण उरलेले नाही. यंत्राने लिहिलेल्या संहितेत चूक कोठे आहे, ती मागितले तेच करते की नाही, हे ओळखायला वाचताच यावे लागते. पूर्वी वाचन ही लेखनाची पायरी होती. आता ती नागरिकाची स्वतंत्र गरज झाली आहे.

8. समारोप

शालेय संगणकशास्त्राच्या आखणीत आजवर गणितज्ञ, अभियंते आणि शिक्षणशास्त्रज्ञ यांचा सहभाग राहिला आहे. भाषा व साहित्य विभागांना त्यात बोलावले गेलेले नाही, आणि त्यांनीही तो आपला प्रांत मानलेला नाही. वरील विवेचनावरून दिसते की, या अभ्यासक्रमातील काही अवघड स्थळे भाषिक आहेत : शब्दार्थ आणि भावार्थ यांतील अंतर, एका भाषेतील उभयान्वयी अव्ययांचे दुसऱ्या संकेतव्यवस्थेत होणारे रूपांतर, असहकारी वाचकासाठी लिहिण्याची शिस्त. भारतीय भाषांतील 'जोपर्यंत', 'तर', 'किंवा' यांसारख्या शब्दांचा यादृष्टीने तौलनिक कोश तयार करणे हे कोणत्याही केंद्रीय विद्यापीठातील भाषाविभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. दहा-बारा भाषांचे जाणकार आणि काही शालेय शिक्षक पुरेसे आहेत. असा कोश हाती आला, तर मराठी किंवा तमिळ माध्यमाच्या शाळेतील मुलाला संगणकशास्त्राच्या पहिल्या तासाला आपली भाषा वर्गाबाहेर ठेवून यावे लागणार नाही.